नार्नूरच्या काउंटरवरची हास्यजत्रा

सकाळी साडेआठ. शटर वर, झाडू, उदबत्ती. उटनूरच्या बसला निघालेले दोघे-तिघे मोबाइल टाकून जातात. "चार्जिंग होईना, संध्याकाळी नेतो." वेचणीच्या दिवसांत कारण ठरलेलं असतं. खिशातल्या कापसाचे तंतू पिनच्या भोकात जाऊन बसतात. थिनर, ब्रश, काम झालं.

साडेनऊ. एका मोबाइलचा रिंगर बदलला. आवाज तपासायला बाकीचे दुकानदार गाणं लावतात, मी स्किट लावतो. ढोलकीखाली स्पीकरची खरखर लपते, बोलण्यात ती लगेच कानाला लागते. सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ साली सुरू झाली. तिची निवडक स्किटं मी डाउनलोड करून ठेवली आहेत, कारण इथल्या रेंजचा भरवसा नाही. काउंटरसमोरच्या बाकावर कुणी घरी गोंडी बोलणारं, कुणी लमाणी, कुणी आपल्यासारखं मराठी, आणि पोरं शाळेत तेलुगू शिकणारी. नम्रता संभेरावची लॉली लागली की बाकावरची सगळी मान उंचावून बघतात.

अकरा. आता खरी परीक्षा. डिस्प्ले फुटलेल्या मोबाइलला नवा कॉम्बो जोडतो तेव्हा तो चिकटवण्याआधी चालवून बघावा लागतो. त्या वेळी मागचा भाग उघडा असतो, रिंगर काढून ठेवलेला. पडद्यावर चित्र हलतं, आवाज नाही. बरीचशी स्किटं इथंच मरतात. माणसं समोरासमोर उभी राहून तोंडं हलवतात, बाकावरचे लोक रस्त्याकडं बघायला लागतात. पण 'चला हवा येऊ द्या'मधले भाऊ कदम नुसते उभे असले तरी कुणीतरी फिसकन हसतं. समोरचा हातवारे करतोय, भाऊंच्या चेहऱ्यावर मात्र आत्ताच झोपेतून उठवल्यासारखा गोंधळ. पुढं काय बोलणं झालं ते न ऐकताही कळतं. मला तरी वाटतं, टिकणाऱ्या स्किटमध्ये विनोद संवादाच्या आधी माणसात असतो. लिहिणारा आधी एक खोड शोधतो. त्या खोडीचा माणूस ती सोडू शकत नाही, आणि समोरच्याला नेमकी तीच सहन होत नाही. मग दहा मिनिटं दोघांना एका खोलीत कोंडायचं. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ असेच. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्व्यांनी ते मुंबई दूरदर्शनवर उभे केले, त्याला चार दशकांहून जास्त काळ लोटला. तरी बुजरा माणूस आणि त्याचा दांडगा भाऊ म्हटलं की जुनी माणसं अजून हीच दोन नावं घेतात.

दुपारी एक. भाकरी, पिठलं. लाइट गेली.

तीन. लाइट आली आणि कॉलेजातली पोरं. त्यांना नवं पाहिजे असतं. त्या त्या आठवड्यात लागलेल्या सिनेमाची नक्कल त्यांना आवडते. मी तसली दोन वर्षांनी पुन्हा लावून बघतो तेव्हा सिनेमाच कुणाला आठवत नाही, मग नकलेला काय हसणार! ओंकार भोजनेचं "अगं अगं आई" मात्र एका पोराला अजून पाठ आहे. त्यानं ते म्हणून दाखवलं, कुणी हसलं नाही. शब्द तेच होते, पण ओंकार त्याच्याआधी जेवढा थांबतो तेवढं थांबायचा धीर पोराला नव्हता. अरविंद जगतापांनी लिहिलेली आणि सागर कारंडेंनी पोस्टमन होऊन वाचलेली पत्रं तर हसवायला नव्हतीच. तरी 'हवा'तलं जुनं काही लावा म्हटलं की बायका तीच मागतात.

साडेसहा. मोबाइल परत न्यायला गर्दी. गादीगुड्याकडचे एक गोंड मामा टफन ग्लास बसवून घ्यायला थांबले. त्यांना मी एक परदेशी स्किट लावून दिलं, 'डिनर फॉर वन'. १९६३ साली हॅम्बुर्गमध्ये रेकॉर्ड झालेलं, इंग्रजीतलं, अठरा मिनिटांचं. जर्मनीत ते दर ३१ डिसेंबरला टीव्हीवर लागतं. नव्वद वर्षांची बाई, मेलेल्या चार मित्रांच्या रिकाम्या खुर्च्या, आणि त्या चौघांच्या वाटचं स्वतः पीत जाणारा म्हातारा नोकर. जमिनीवर वाघाचं कातडं, त्याच्या डोक्याला तो येता-जाता अडखळतो. फ्रेडी फ्रिंटन अकरा वेळा अडखळतात, आणि एकदा चक्क अडखळत नाहीत. स्वतःच चकित होऊन मागं वळून बघतात.

मामांना इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. तिसऱ्या वेळेपासून तो माणूस कातड्याजवळ यायच्या आधीच ते हसायला लागले. न अडखळल्यावर तर मांडीवर थाप मारली. मग ग्लास बसवलेला मोबाइल हातात घेऊन विचारतात, "मास्टर, थे वाघाचं कातडं कोणी उचलून काहून नाही ठेवत?"

"उचललं तर मामा, तुम्ही पाच मिनिटांत घरी गेले असते."

"मंग आणखी एक डाव लावा. बसले वेळ हाय."