विहिरी अकराव्या पानावर

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांचे निबंधवाचन होते. प्रत्येकाला दहा मिनिटे. दुष्काळी भागातला एक मुलगा उभा राहिला. विषय होता गावच्या विहिरींचे पाणी. या पठ्ठ्याने वर्षभर, दर अमावास्येला, सुतळीला दगड बांधून आपल्या गावातल्या नऊ विहिरी मोजल्या होत्या. हे काम कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. पण वाचायला सुरुवात केली ती 'पाणी म्हणजे जीवन' येथून. मग पाण्याचे महत्त्व झाले, पृथ्वीवर पाणी किती ते झाले, थोरामोठ्यांची वचने झाली. घंटा वाजली तेव्हा स्वारी सहाव्या पानावर होती आणि विहिरी अकराव्या पानावर! परीक्षकांनी शेरा मारला, 'नवीन काही नाही.'

आता यात एकट्या मुलाचा दोष म्हणाल, तर तसे नाही. प्रस्तावना, महत्त्व, उपसंहार हा साचा आम्ही मास्तरांनीच त्याच्या हाती दिलेला. शिवाय छापील पुस्तकापुढे आपली सुतळी ती काय, असे त्याला मनातून वाटत होते.

मी त्याला घरी बोलावले आणि म्हटले, "अकरावे पान पहिले कर. आणि मोजलेस कसे, ते सांग." तो सांगू लागला. काठावर खडूने खूण करायची, दर वेळी तिथूनच सुतळी सोडायची, आणि मोटर सुरू होण्यापूर्वी, सकाळीच. कारण उपसा झाला की पातळी उतरते. निबंधात यातले एक अक्षर नव्हते! वाचणाऱ्याने आकड्यावर विश्वास ठेवायचा तो याच माहितीच्या जोरावर.

मग आम्ही त्याची वाक्ये निवडायला बसलो, तांदूळ निवडावेत तशी. 'माघात पाणी पाच फूट खाली गेले', हे त्याने स्वतः पाहिलेले. 'पूर्वी वैशाखापर्यंत पाणी पुरायचे', हे आजोबांनी सांगितलेले. तेव्हा कोणी सांगितले, केव्हा सांगितले, ते लिहायला हवे. आणि 'ऊस वाढला म्हणून पाणी आटले', हा त्याचा तर्क. तर्क करावा, जरूर करावा. पण त्या वर्षी पाऊसच कमी झाला असेल तर? ती शंका आपणच आधी काढावी, दुसऱ्याने काढण्यापूर्वी.

दुसऱ्याचे घेतले तर नाव सांगावे, हे वेगळे सांगायला नको. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियमच केले आहेत. मोबाईलवरून उतरवलेला परिच्छेद, बरे का, लगेच ओळखू येतो.

खेड्यातल्या गुरुजींना वाटेल, हे आपले काम नव्हे. तर शंकर बाळकृष्ण दीक्षित आठवावेत. कोकणातल्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरचा ग्रंथ १८९६ साली मराठीत निघाला. पुढे भारत सरकारने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

राहता राहिले बोलणे. सावकाश वाचले तर माझे मिनिटाला शंभरएक शब्द होतात. म्हणजे दहा मिनिटांत हजार. अकरा पाने बसायची कुठून? घड्याळ लावून घरच्यांना एकदा वाचून दाखवावे. आई जिथे "म्हणजे काय रे?" म्हणेल, ते वाक्य बदलावे. नऊ विहिरींचे आकडे तोंडाने घोकण्यापेक्षा फळ्यावर एक तक्ता काढावा.

मुलाने निबंध पुन्हा लिहिला आणि उन्हाळ्यात गावच्या पारावर सांगितला. एक म्हातारे शेतकरी उठले आणि म्हणाले, "पोरा, चैताचं तुझं माप चुकलं. आदल्या रात्री लाईट आली होती. माझी मोटर पहाटेपर्यंत चालू होती." मुलाने तो आकडा खोडला नाही, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात तसे टिपून ठेवले आणि खाली म्हाताऱ्यांचे नाव घातले.