कोरोना काळातील मदत आणि उताऱ्यावरचे नाव

२०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदी लागली आणि भाजीपाल्याचे बाजार कोलमडले. लग्ने, जत्रा थांबल्याने फुलांना गिऱ्हाईक उरले नाही. गोव्याकडे जाणाऱ्या भाजीच्या गाड्या अडखळल्या. कोबी, टोमॅटोच्या तोडणीचाही खर्च निघेना. त्या वेळी जाहीर झालेली सरकारी मदत काहींना मिळाली, काहींना नाही. असे का झाले, हे आजही अनेक सभासद विचारतात.

आधी आकडे पाहू. कर्नाटक सरकारने ६ मे २०२० रोजी फूल उत्पादकांना हेक्टरी २५,००० रुपये जाहीर केले. त्यानंतर काही दिवसांत फळे व भाजीपाल्यासाठी हेक्टरी १५,००० आणि मका उत्पादकांना प्रत्येकी ५,००० रुपये जाहीर झाले. दुसऱ्या लाटेत, १९ मे २०२१ रोजी, फुले, फळे व भाजीपाला यांना हेक्टरी १०,००० रुपये ठरले. हेक्टरी मदतीला एक हेक्टरची मर्यादा होती.

आपल्याकडे हिशेब गुंठ्यांचा. हेक्टर म्हणजे साधारण ९९ गुंठे. म्हणजे २० गुंठे कोबीवाल्याच्या वाट्याला २०२० मध्ये सुमारे तीन हजार आणि २०२१ मध्ये सुमारे दोन हजार रुपये. बियाणे, खत आणि मजुरीपुढे ही रक्कम लहानच. पण हातात पैसा नसताना तिचाही आधार होता.

आता मुख्य गोष्ट. सरकारकडे शेत प्रत्यक्ष कोण कसतो याची नोंद बहुतेक वेळा नसते. उताऱ्यावर नाव कोणाचे आहे याची असते. सांबरा, मुतगा, बाळेकुंद्री भागात कितीतरी उतारे अजून आजोबांच्या नावे आहेत. कुठे थोरला भाऊ नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत आणि धाकटा शेतात. भागाने कसणाऱ्याचे नाव तर बहुधा कुठेच नसते. शिवाय उतारा कन्नडमध्ये आणि आधारवरचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले, म्हणून दोन्ही जुळत नाहीत.

बँकेच्या बाजूनेही एक गाठ आहे. आधारवर येणारे अनुदान शेवटी ज्या खात्याला आधार जोडले, तिथे जमा होते. माझ्या ओळखीच्या एका मावशी पैसे आलेच नाहीत म्हणून महिनाभर हळहळत होत्या. ते गॅस अनुदानासाठी उघडलेल्या, विसरलेल्या खात्यात पडून होते.

म्हणून पुढचे संकट येण्याआधी तीन कामे उरकावीत. मयत व्यक्तीच्या नावे उतारा असल्यास नाडकचेरीत वारस नोंदीचा अर्ज द्यावा. रयत संपर्क केंद्रात ‘फ्रूट्स’ नोंदणी तपासावी. सर्व सर्व्हे नंबर त्यात आहेत का, ते पाहावे. बँकेत जाऊन “अनुदानासाठी माझे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे?” असे स्पष्ट विचारावे. पासबुकवर आधार क्रमांक असणे पुरेसे नाही.

चौथे काम घरातले आहे. नाव एकाचे आणि घाम दुसऱ्याचा असेल, तर आलेली मदत कोणाला द्यायची हे भावाभावांनी आधीच बसून ठरवावे. दोन-तीन हजारांसाठी धरलेला अबोला त्या रकमेपेक्षा फार महाग पडतो.