घातलेले जनुक काढता येते काय?

पिकात परके जनुक घातल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्यावर वादही होतात. परंतु घातलेले जनुक पुन्हा काढता येते काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. जिथून मागे फिरता येत नाही, त्या कृतीवर आपले नियंत्रण आहे असे म्हणणे धाडसाचे आहे.

प्रथम जनुक घालतात कसे ते पाहू. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतील एक जीवाणू वनस्पतीच्या पेशीत आपल्या डीएनएचा तुकडा सोडतो आणि झाडावर गाठी आणतो. शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यातील गाठींची जनुके काढून तेथे हवे ते जनुक बसविले. जीवाणू ते पोहोचवतो खरे. पण ते कोणत्या गुणसूत्रावर, कोणत्या जागी बसेल हे त्यात ठरविता येत नाही.

शिवाय असंख्य पेशींपैकी थोड्याच पेशी नवे जनुक स्वीकारतात. त्या ओळखण्यासाठी सोबत एक खूणजनुक जोडतात. कॅनामायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारे जनुक हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पेशी कॅनामायसिनवर वाढविल्या की ज्या तगतात त्या आपल्या. पुढे या खुणेचा काही उपयोग नसतो, तरी ती पिकात राहते. १९९४ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या फ्लेवर सेव्हर टोमॅटोत ती होती. २००२ साली भारतात मंजूर होऊन विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांत पोहोचलेल्या बीटी कापसातही होती. या जनुकापासून धोका फार थोडा, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत आहे. पण इमारत उभी राहिल्यावर परांची उतरवावी, एवढी अपेक्षा गैर नव्हे. युरोपीय संघाने २००१ च्या नियमांत, अपाय करू शकतील अशी प्रतिजैविकविरोधी खूणजनुके टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले.

परांची उतरविण्याची युक्ती सापडली ती जीवाणूंवर जगणाऱ्या पी-१ या विषाणूत. त्याच्याजवळ क्रे नावाचे विकर आहे आणि लॉक्स नावाची ३४ अक्षरांची डीएनएची खूण आहे. तिच्या दोन्ही टोकांची १३-१३ अक्षरे एकमेकांची उलट जोडी असतात. मधली ८ अक्षरे खुणेला दिशा देतात. खूणजनुकाच्या दोन्ही बाजूंस एकाच दिशेची लॉक्स ठेवली, तर क्रे मधला भाग कापून बाहेर काढते आणि उरलेली टोके सांधते. मुद्रितशोधकाने दोन खुणांमधला मजकूर गाळावा तसेच हे. दिशा परस्परविरुद्ध असतील, तर मजकूर गळत नाही, उलटा होतो.

१९९१ साली अमेरिकेत एमिली डेल व डेव्हिड ओ यांनी तंबाखूत हे करून दाखविले. काजव्याच्या प्रकाशाचे जनुक झाडात राहिले, प्रतिजैविकविरोधी खूणजनुक गेले. क्रेचे जनुक त्यासाठी झाडात आणावे लागले होते. पुढच्या पिढीत, मेंडेलच्या नियमाप्रमाणे, ते न आलेली रोपे निवडता आली. लॉक्सचा उपयोग उलट्या कामीही होतो. झाडात ती आधीच असेल, तर नवे जनुक नेमके तिच्याच जागी बसविता येते. पुढे लायसिन अधिक असलेल्या एका मक्यातील खूणजनुक याच पद्धतीने काढले गेले.

अर्थात मर्यादा आहेत. काढल्यावरही एक लॉक्स मागे उरते. शिवाय हे काढणे प्रयोगशाळेतले आहे. शेतातून वाऱ्याबरोबर गेलेला पराग कोणतेही विकर परत आणू शकत नाही. २०१२ नंतर क्रिस्पर तंत्राने हव्या त्या जागी काप देणे पुष्कळ सोपे झाले, तरी ही गोष्ट बदललेली नाही.

म्हणून काय घालायचे हे ठरवितानाच काय काढायचे, आणि केव्हा, हे ठरले पाहिजे. ते बियाणे शेतकऱ्याच्या हाती पडण्यापूर्वीच. हा निर्णय केवळ शास्त्रज्ञांचा नाही. त्याबद्दल विचारण्याचा अधिकार कलाशाखेच्या आपल्यासारख्यांनाही आहे. मात्र तो वापरण्यापूर्वी विषय समजून घेण्याचे कष्ट आपण घेतले पाहिजेत.