घर धरलं की लेकरू तरतं

परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर पावसाळ्यात ताडपत्र्या ताणलेल्या दिसतात. त्यांच्याखाली राहणारी माणसं बेघर नसतात. बिहारात, बंगालात, विदर्भात त्यांचं घर असतं, कुणाची दोन-चार बिघे शेतीही असते. पोराला रक्ताचा कर्करोग निघाला म्हणून ती मुंबईत आलेली असतात. रुग्णालय पोराला दाखल करून घेतं, पण पुढचे सहा-आठ महिने आईबापांनी राहायचं कुठे, हे केसपेपरावर कुणी लिहून देत नाही.

मुलांसाठी मदत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अनाथाश्रम येतो, नाहीतर वह्या-दप्तरांचं वाटप. जगभरच्या आश्रमांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा बाप हयात असतो आणि त्यांना तिथे आणतं ते दारिद्र्य, हे आता सर्वमान्य झालं आहे. मुंबईच्या गिरणगावाला, म्हणजे कापडगिरण्यांच्या वस्तीला, ही गोष्ट फार आधी कळली होती. परळ, लालबाग आणि दादरच्या टापूत गेल्या शंभराहून अधिक वर्षांत जी कामं खरोखर टिकली, त्यांनी मुलाला घरापासून तोडलं नाही. त्यांनी घरालाच टेकू दिला.

बाळगोळीचे दिवस

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. दिवसभर गिरणीत राबायचं, तर तान्हं कुणाकडे ठेवायचं? उत्तर होतं बाळगोळी, म्हणजे अफूची गोळी. ती चाटवली की मूल दिवसभर निपचित पडे. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी तपासणी केली, तेव्हा कामगार बायकांच्या 98 टक्के तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचं त्यांनी नोंदवलं. 1921 साली एका खोलीच्या बिऱ्हाडांत हजार जन्मांमागे 828 बालमृत्यू नोंदले गेले. बाळंतपणाला गावी गेलेल्या बायकांच्या मुलांचे जन्म मुंबईच्या दप्तरात येत नसत, त्यामुळे हा आकडा फुगलेला होता. तो फुगवटा वजा केला, तरी उरतं ते भयंकरच आहे.

नारायण मल्हार जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, ती या वस्तीसाठी. रात्रशाळा, फिरती वाचनालयं, पतपेढ्या असा तिचा व्याप वाढत गेला. 1922 मध्ये परळला दामोदर हॉल उभा राहिला. नाटकवेड्या गिरणगावाला तो रंगमंच म्हणून ठाऊक आहे, पण त्याच्यामागे कामगाराच्या संसाराचा समग्र विचार होता. जोशींना दानाची मर्यादा लवकर उमगली. आईला बाळंतपणाची भरपगारी रजा नसेल, तर अफू वाईट असं नुसतं सांगून काय उपयोग? 1924 मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात रावसाहेब आसवले यांनी तोच विषय पुढे नेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला आणि 1929 मध्ये कायदा झाला. तान्ह्याची काळजी धर्मादायाच्या वहीतून निघून हक्काच्या वहीत गेली, ती अशी.

खाणावळवालीची पत

कोकणातून, घाटावरून गिरण्यांत कामाला आलेले गडी गाळ्यात पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खाणावळीत जात. खाणावळ म्हणजे चाळीतल्याच एखाद्या बाईची खोली. नवरा आजारी, बेकार किंवा गेलेला. पदरात तीन-चार पोरं. पहाटेपासून स्टोव्ह पेटलेला. खाणेकरी महिन्याच्या पगारावर पैसे देणार, वाण्याचं सामान मात्र रोज लागणार. मधलं भगदाड सावकार भरी आणि व्याजापायी भांडी, मंगळसूत्र गहाण पडे. पोरीची शाळा सुटायची ती इथेच, कारण कणीक मळायला दोन हात कमी पडत.

प्रेमाताई पुरव कम्युनिस्ट चळवळीतल्या, त्याआधी गोवामुक्तीच्या लढ्यातल्या. या बायकांना देणगी नको, भांडवल हवं, हे त्यांनी ओळखलं. 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बँका राष्ट्रीयीकृत होऊन सहा वर्षं झाली होती, तरी खाणावळवाली कर्जदार होऊ शकते हे कुणाच्या गावी नव्हतं. बँक ऑफ बडोदाने सुरुवातीला 14 बायकांना प्रत्येकी 1500 रुपये दिले. तारण काही नव्हतं. एकमेकींची हमी होती. कर्ज फिटलं, नवं मिळालं, बायका वाढत गेल्या.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबले, तसे खाणावळींचे पैसेही थांबले. उधारीच्या वह्या भरत गेल्या, तरी अनेक बायकांनी खाणेकऱ्याचं ताट उचललं नाही. ही मदत कुठल्याच अहवालात देणगी म्हणून जमा नाही.

औषधाइतकीच खोली

त्या संपानंतर गिरण्या गेल्या, रुग्णालयं राहिली. टाटा मेमोरियल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. केईएम आणि वाडिया त्याआधीच उभी होती. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दोन-अडीच वर्षं उपचार चालतात आणि पहिले काही महिने सर्वांत कडक असतात. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी उतरतात. अशा मुलाला पदपथावरची धूळ, साधं दूषित पाणी, शेजाऱ्याचा खोकला जिवावर बेततो. श्रीमंत देशांत कर्करोग झालेली 80 टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात, अनेक गरीब देशांत 30 टक्केही नाहीत. याचं एक मोठं कारण म्हणजे अर्ध्यावर सुटलेले उपचार. 2009 च्या सुमारास टाटातही पाचात जवळपास एक मूल उपचार सोडून जात असे. समाजसेवा विभाग आणि देणगीदार संस्थांनी पैसा, राहणं, खाणं आणि समुपदेशन यांची सांगड घातली, तेव्हा पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. औषधं बहुतांशी तीच होती.

निवाऱ्याची परंपरा इथे जुनी आहे. परळला नाना पालकर स्मृती समिती 1968 पासून रुग्णसेवेत आहे, दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे.  2006 मध्ये श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स सुरू केलं, ते खास कर्करोगग्रस्त मुलांसाठी. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा आणि कपाट, सामाईक स्वयंपाकघर पण शेगडी आपापली, शिधा संस्थेचा, रुग्णालयात जायला गाडी, मुलांना शिक्षक. पैसे काही पडत नाहीत. आपापल्या शेगडीचं महत्त्व केमोनंतर कळतं. तोंडाची चव गेलेलं बंगाली पोर आईच्या हातचा पातळ माछेर झोल दोन घास तरी खातं. वाटपाची खिचडी तशीच राहते.

शंभर खोल्यांचा वाद

मे 2021 मध्ये लालबाग-करी रोड भागातल्या म्हाडाच्या 100 सदनिका टाटा रुग्णालयाला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी देण्यात आल्या. चाव्यांचा कार्यक्रमही झाला. इमारतीतल्या रहिवाशांनी हरकत घेतली, स्थानिक आमदारांनी ती मुख्यमंत्र्यांपर्यंत नेली आणि जूनमध्ये निर्णयाला स्थगिती मिळाली. लगोलग बॉम्बे डाइंग गिरणीच्या जागेवर पर्यायी 100 सदनिका जाहीर झाल्या. रहिवाशांची भीती समजून घेता येते: अनोळखी माणसांची ये-जा, कोविडचे दिवस. पण कर्करोग एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, आणि एकेकाळी एका गाळ्यात वीस-वीस परके गडी सामावून घेणाऱ्या वस्तीने या नातेवाइकांना नाकारावं, हे गिरणगावाला शोभलं नाही.

आपण काय करायचं

घराला टेकू देण्याची सरकारी वाट आता थोडी रुंद झाली आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या किंवा पालक नसलेल्या मुलाला नातेवाइकांकडे, घरातच वाढवायला महिना 2250 रुपये मिळतात. 2023 पर्यंत ते 1100 होते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा असतो. तुमच्या चाळीत, सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या एखाद्या विधवा बाईला याचा पत्ता नसेल, तर तिचे कागद जमवून द्या.

आणि या दिवाळीत देणगी द्यायची झाली, तर फराळाची पाकिटं घेऊन रुग्णालयाच्या दारात फोटो काढायला जाऊ नका. केमो घेणाऱ्या मुलाला बाहेरचं खाणं बहुधा चालतही नाही. आधी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा आणि कुठल्या कुटुंबाला काय कमी पडतं ते विचारा. एका महिन्याचं राहणं, गावी परतायचं तिकीट, बापाचा बुडालेला रोज यांतलं काही तरी ते सांगतील. तेवढं द्या, आणि पुढच्या महिन्यातही द्या.