तंजावरास घर पाहताना

तंजावरास कायमच्या वास्तव्यासाठी जाणाऱ्या मराठी कुटुंबाने पावसाचे आपले गणित प्रथम विसरावे. आपल्याकडे मृगात लागलेला पाऊस दसऱ्याच्या सुमारास ओसरतो. तेथे मुख्य पावसाळा ईशान्य वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर असा असतो. तेव्हा जूनमध्ये कोरडी दिसलेली जागा पाहून घराचा निश्चय करू नका. कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश सपाट असून पाण्याला उतार थोडा. घराचे जोते रस्त्याहून उंच आहे काय, कार्तिकात अंगणात पाणी साचते काय, हे शेजाऱ्यांस अवश्य विचारावे. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गज’ चक्रीवादळाने या जिल्ह्यातील असंख्य माड आडवे केले. म्हणून छपरावर झुकलेला माड शोभेचा मानू नये.

उन्हाळ्यासाठी जुन्या घरांची रचना पाहा. पुढे ‘तिण्णै’ म्हणजे ओटा आणि मध्ये ‘मुट्रम’ म्हणजे उघडा चौक. चौकातून तापलेली हवा वर निघून जाते व खोल्यांना उजेड मिळतो. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी येथे राज्य स्थापले. त्यांच्या मागोमाग आलेल्या मराठी मंडळींना हा चौक आपल्या वाड्यातलाच वाटला असेल. शक्य तर एक पावसाळा भाड्याच्या घरात काढावा, मगच घर विकत घ्यावे.