फोन ड्रायव्हरचा, घाई कुणाची?

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून गुळाची गाडी भरून निघाली की पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत ड्रायव्हरचा फोन दोनदा वाजलेला असतो. पहिला फोन मालकाचा, 'निघालास काय?' दुसरा व्यापाऱ्याचा, 'पहाटे वाशीला गाडी लागली पाहिजे.' पुढे किणी टोलनाका, मग तासवडे, मग खंबाटकीचा घाट. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न, 'कुठं पोचलायस?' एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्या हातात मोबाईल आणि पाठीमागे कित्येक टन माल. उद्या हीच गाडी कुणाला धडकली तर बातमी येते, 'मोबाईलवर बोलणाऱ्या ट्रकचालकाने बळी घेतला.' त्या वेळी पलीकडून कोण बोलत होते, हे मात्र कोणी विचारत नाही. आज आपल्याला हाच प्रश्न विचारायचा आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गाडी चालवताना फोनवर बोलणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. कॅनडातील टोरांटो शहरात झालेले एक संशोधन १९९७ साली प्रसिद्ध झाले. फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याच्या अपघाताचा धोका चौपट होतो आणि फोन कानाला न धरता बोलले तरी तो कमी झाल्याचे दिसत नाही, असे त्यात आढळले. म्हणजे प्रश्न हाताचा नाही, लक्षाचा आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक संस्थेने २००९ मध्ये खुद्द ट्रकचालकांविषयी सांगितले की, मोबाईलवर संदेश लिहिताना धोका २३ पट वाढतो. साधा हिशोब करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. पाच सेकंद नजर मोबाईलवर गेली की ऐंशी मीटरहून अधिक रस्ता आंधळेपणाने कापला जातो. त्या ऐंशी मीटरमध्ये सायकलवरून शाळेला निघालेली मुलगी असू शकते, कारखान्याकडे निघालेली उसाची बैलगाडी असू शकते, पाळी संपवून शिरोली एमआयडीसीतून परतणारा कामगार असू शकतो. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यात आपलीच माणसे होती.

पण गुन्हा एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा असेल तर शिक्षा कुणाला व्हावी? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. हातात मोबाईल धरून गाडी चालवणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणे ठरले. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. कायदा कडक झाला, चांगले झाले. पण तो ज्याच्यावर कोसळतो तो कोण आहे?

कागलजवळच्या एका ढाब्यावर भेटलेला आपल्याच वस्तीतला ड्रायव्हर म्हणाला, 'साहेब, फोन उचलला तर पोलीस धरतोय, नाही उचलला तर मालक धरतोय. पोलीस पावती फाडून सोडतोय तरी. मालक पुढची ट्रिपच देत न्हाई.' गाडीचे चलन मालकाच्या नावावर येते आणि पैसे याच्या भत्त्यातून कापले जातात. पूर्वी शेजारी क्लीनर बसायचा. निरोप तो घ्यायचा, डुलकी लागली तर हलवून जागे करायचा. खर्च वाचवण्यासाठी बऱ्याच गाड्यांवरून क्लीनर उतरवला गेला. त्याच्या जागी आता मोबाईल आहे. क्लीनर जागे करत होता, मोबाईल लक्ष उडवतो.

मालकही सगळे गब्बर नसतात, हे मान्य. एका-दोन गाड्यांच्या मालकाच्या डोक्यावर फायनान्सचा हप्ता असतो आणि त्याच्या मागे व्यापाऱ्याचा तगादा असतो. व्यापारी ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करतो, ट्रान्सपोर्टवाला मालकाला, मालक ड्रायव्हरला. साखळीतली सगळी माणसे खुर्चीत बसून बोलतात. फक्त शेवटचा माणूस ताशी ६० च्या वेगाने पळत बोलतो. वरच्या वर्गाची घाई उतरत उतरत सर्वांत खालच्या माणसाच्या जिवावर येऊन थांबते. ही व्यवस्था आपल्याला नवीन नाही!

शिवाय या फोनची गरज तरी किती? फास्टॅगमुळे किणीचा टोल कापला गेला की मालकाच्या मोबाईलवर संदेश येतो. अनेक गाड्यांवर जीपीएस आहे. गाडी कुठे आहे हे घरबसल्या दिसत असताना 'कुठं पोचलायस?' विचारण्यामागे माहितीची गरज नसते, हाकण्याची सवय असते.

खरा प्रश्न कामाच्या तासांचा आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कारखाने कायद्यात दुरुस्ती आणून आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणले. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने तीच मर्यादा, रोज आठ आणि आठवड्याला ४८ तास, ड्रायव्हरलाही दिली. पाच तास सलग काम झाल्यावर अर्धा तास विश्रांतीही दिली. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या आणि ही मर्यादा दहा कामगारांवर गेली. आठ तास कागदावर राहिले, पण छोट्या मालकाकडचा ड्रायव्हर कुंपणाबाहेर पडला. रात्रभर जागून पावणेचारशे किलोमीटर गाडी मारणाऱ्याला विश्रांतीचा अर्धा तास मिळाला असता, तर त्याने फोनही त्याच अर्ध्या तासात केले असते.

मग करायचे काय? अमेरिकेने २०१२ च्या जानेवारीपासून ट्रकचालकांना हातात फोन धरण्यास बंदी केली. त्या नियमात ड्रायव्हरला २,७५० डॉलरपर्यंत दंड होता. आणि ड्रायव्हरला तसे करू देणाऱ्या किंवा करायला लावणाऱ्या कंपनीला ११,००० डॉलरपर्यंत! घाई ज्याची, त्याला दंड चौपट. आपल्याकडे नवा कायदा करण्याचीही गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८८ नुसार कलम १८४ च्या गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. कलम १८३ तर सांगते की, वेगमर्यादा मोडल्याशिवाय पोहोचता येणार नाही अशी वेळ ठरवून देणे हाच ती वेळ देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा. शस्त्र कायद्यात आहे, ते वापरण्याची इच्छा नाही. अपघातानंतर ड्रायव्हरच्या फोनचा तपशील काढला जातो, तेव्हा त्यातला पलीकडचा नंबरही तपासा. गाडी चालू आहे हे माहीत असताना एकामागून एक फोन करणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करा. एका जरी प्रकरणात असे घडले, तर मार्केट यार्डापासून गांधीनगरपर्यंत शहाणपण पसरायला वेळ लागणार नाही.

हे आपोआप होणार नाही. २०२४ च्या जानेवारीत अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध ड्रायव्हरांनी चाके थांबवली आणि दोन दिवसांत देशभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा सरकारला ते उपकलम बाजूला ठेवावे लागले. त्या वेळी निरोप मोबाईलवरूनच फिरले होते. ज्या फोनने ड्रायव्हर हाकला जातो, त्याच फोनने तो संघटित होऊ शकतो. आता एकजूट शिक्षेच्या विरोधापुरती न ठेवता तासांसाठी, विश्रांतीसाठी आणि फोन न उचलण्याच्या हक्कासाठी व्हावी. हिशोब तोडण्याची धमकी देणाऱ्या मालकापुढे एकटा ड्रायव्हर टिकत नाही. शंभर जणांनी एकत्र ठरवले तर टिकतो.

आणि एक काम आपल्या घरातले. ड्रायव्हरला फोन फक्त मालकच करतो असे नाही. मुलगा आजारी आहे, बचत गटाचा हप्ता भरायचा आहे, कधी येणार, हे विचारणारे आपणच असतो. त्याचा आवाज ऐकावासा वाटतो, यात चूक काही नाही. पण फोन लागल्याबरोबर पहिला प्रश्न एवढाच विचारा, 'गाडी चालू आहे का?' तो 'होय' म्हणाला की लगेच फोन ठेवा. थांबल्यावर तो स्वतः करील. मालकाकडे आपण जे मागणार आहोत, ते आधी आपल्या घरात सुरू झाले पाहिजे.