तानपुरा : निवड, जवारी आणि दुरुस्ती
(महाविद्यालयीन संगीत विभागांच्या संदर्भात)

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या जडवस्तू नोंदवहीत तानपुऱ्याची नोंद बहुधा एका ओळीची असते : ‘तानपुरा, १ नग’. या ओळीत वाद्याची पट्टी नसते, घोडी कशाची आहे हे नसते आणि जवारी कधी काढली याचाही उल्लेख नसतो. टेबल किंवा कपाटाच्या बाबतीत एवढी नोंद पुरेशी ठरते. तानपुऱ्याच्या बाबतीत ती पुरत नाही, कारण तानपुरा विकत घेतल्याने पूर्ण होणारी वस्तू नव्हे. त्याचा नाद घोडीच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो आणि हा पृष्ठभाग वादनाने झिजतो. म्हणजेच कारागिराचे काम विक्रीच्या दिवशी संपत नाही. हे लक्षात न घेतल्यामुळे अनेक ठिकाणी चांगली वाद्ये काही वर्षांतच ‘वाजत नाहीत’ म्हणून गवसणीत पडून राहतात आणि त्यांची जागा यंत्र घेते.

प्रस्तुत लेखात तानपुऱ्याच्या नादामागील कारणे, खरेदीच्या वेळी करावयाची पारख आणि देखभालीची व्यवस्था यांचा विचार नाशिकसारख्या, वाद्यनिर्मितीच्या केंद्रापासून दूर असलेल्या शहराच्या संदर्भात केला आहे.

२. मिरज आणि नाशिक : एक जुना संबंध

महाराष्ट्रात तंतुवाद्यनिर्मितीचे केंद्र म्हणजे सांगली जिल्ह्यातील मिरज होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांच्यापासून तेथील या व्यवसायाची परंपरा सांगितली जाते. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर या कारागिरांचे कौशल्य वाद्यांकडे वळले. पंढरपूर, मंगळवेढा या भागांत पिकणारे मोठे कडू भोपळे मिरजेस जवळ पडतात, हेही या व्यवसायाच्या वाढीचे एक कारण आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

नाशिकचा मिरजेशी सांगीतिक संबंध जुना आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे विद्या घेतली. आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकचा रामनाम आधार आश्रम हे त्यांचे निवासस्थान झाले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांचे निधन मिरजेस झाले. विद्येची ही वाट आजही वाद्यांच्या रूपाने चालू आहे. मात्र नाशिक ते मिरज हे अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे. वाद्य एकदा आणता येते. दरवेळी जवारीसाठी ते परत पाठविणे अवघड जाते. या लेखातील प्रश्न याच अंतरातून निर्माण होतो.

३. खर्ज : वाद्याची खरी कसोटी

तानपुऱ्याला सामान्यतः चार तारा असतात. पहिली तार रागानुसार पंचम, मध्यम किंवा निषादात, मधल्या दोन पोलादी तारा (जोड) षड्जात आणि चौथी पितळी तार खर्जात मिळविली जाते. पुरुषी तानपुरा काळी १ मध्ये मिळविला असता जोडीची कंपनसंख्या दर सेकंदास सुमारे १३८.६, तर खर्जाची तिच्या निम्मी, म्हणजे ६९.३ असते. पाश्चात्य वाद्यवृंदात बेस गिटार ज्या स्वरक्षेत्रात आधार देते, त्याच क्षेत्रात हा खर्ज येतो. बेस गिटारच्या दोन मधल्या खुल्या तारांची कंपनसंख्या ५५ व ७३.४ आहे, तानपुऱ्याचा खर्ज या दोहोंच्या मध्ये बसतो.

तारेची कंपनसंख्या तिची लांबी, ताण आणि दर एकक लांबीचे वस्तुमान यांवर ठरते. लांबी सारखीच ठेवून कंपनसंख्या निम्मी करावयाची, तर ताण व वस्तुमान यांचे गुणोत्तर एक चतुर्थांश व्हावे लागते. म्हणून खर्जाची तार जाड घेतली जाते. शिवाय पितळ पोलादापेक्षा काहीसे जड असते. ही तार बारीक निवडली तर ती ढिली राहते आणि फडफडते. फार जाड निवडली तर ताठर होऊन तिचा नाद लवकर विझतो. पंचम व जोड बऱ्या वाजत असताना खर्ज मात्र बद्द वाजतो, असा अनुभव अनेक वाद्यांत येतो. त्याचे कारण तारेच्या निवडीत, घोडीच्या घडणीत किंवा भोपळ्याच्या दोषात असते. वाद्याची पारख खर्जापासून सुरू करावी, असे म्हणण्यामागे हे कारण आहे.

चांगल्या खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो. यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. तो खर्जाच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट, म्हणजे वरील उदाहरणात ३४६.५ कंपनांचा असतो. समान अंतरांवर मिळविलेल्या हार्मोनियमचा शुद्ध गंधार याहून सुमारे १४ सेंटने चढा असतो (सप्तकाचे १२०० सेंट मानले जातात). विद्यार्थ्याच्या कानाला या दोन गंधारांतील फरक दाखविणारे जिवंत साधन वर्गात तानपुराच असतो.

४. जवारीचे शास्त्र

सतार व तानपुरा यांची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते. ती रुंद असून तिच्या पृष्ठभागाला अतिशय सौम्य उतार असतो. कंप पावणारी तार या पृष्ठभागाला हलकेच स्पर्शत राहते आणि स्पर्शाचा बिंदू मागेपुढे सरकतो. तार व घोडी यांच्यामध्ये सरकविलेला सुती दोरा हा स्पर्श नेमका करतो. परिणामी वरचे स्वरांश पुन्हा पुन्हा जागे होतात आणि नाद गुंजत राहतो. या गुंजनाला जवारी म्हणतात.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात या घोडीकडे लक्ष वेधले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या स्वरांशांचा निस्पंद येतो, ते स्वरांश सामान्य नियमानुसार उमटू नयेत. परंतु तानपुऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात. घोडीची विशिष्ट घडण हे त्याचे कारण होय.

यावरून जवारी बिघडते म्हणजे काय होते, हे स्पष्ट होते. तारांच्या घर्षणाने घोडीवर बारीक चरे पडतात. तार त्यात रुतली की तिचा सरकता स्पर्श नाहीसा होतो. मग दोरा कोठेही ठेवला तरी नाद एक तर बंद राहतो किंवा कर्कश होतो. अशा वेळी घोडीचा पृष्ठभाग कानशीने व घोटकागदाने पुन्हा घडवावा लागतो. यालाच जवारी काढणे म्हणतात. कानशीचे दोनचार हात, पुन्हा तार चढविणे, ऐकणे, पुन्हा उतरविणे, असे हे काम चालते. तारेचा घोडीशी होणारा कोन प्रत्येक वाद्यात वेगळा असल्यामुळे केवळ घोडी टपालाने पाठवून ते साधत नाही. कारागीर आणि वाद्य एकत्र यावे लागतात.

५. खरेदीच्या वेळची पारख

महाविद्यालयीन खरेदीत दरपत्रके मागविणे क्रमप्राप्त असते. परंतु मागणीपत्रात केवळ ‘तानपुरा’ असे लिहिले तर दरांची तुलना होते, वाद्यांची होत नाही. पुढील बाबी मागणीपत्रात व प्रत्यक्ष पाहणीत असणे आवश्यक आहे.

(अ) पट्टी : पुरुषी वाद्य साधारणतः काळी १ ते काळी २ आणि स्त्रियांच्या आवाजासाठीचे वाद्य काळी ४ ते काळी ५ या पट्टीसाठी बनविलेले असते. एकच वाद्य दोहोंसाठी वापरण्याचा मोह टाळावा. त्याच तारा काळी १ वरून काळी ५ पर्यंत चढविल्यास ताण सुमारे २.८ पट होतो. बारीक तारा लावल्याने दांडीवरील भार कमी होतो. पण लांब दांडीवर एवढ्या उंच स्वरात मिळविलेली तार, बारीक असली तरी, तुटण्याच्या मर्यादेकडेच जाते आणि नादही क्षीण होतो. दोन्ही प्रकारचे विद्यार्थी असतील तर दोन वाद्येच घ्यावीत.

(आ) भोपळा : बोटांनी ठोकून सर्व बाजूंनी सारखा आवाज येतो का, हे पाहावे. किडीची छिद्रे व रंगाखाली झाकलेली भेग उजेडात तपासावी. भोपळा व दांडी यांना जोडणाऱ्या गुलूचा सांधा घट्ट असावा. वाद्याचा सर्व ताण तेथे पेलला जातो.

(इ) दांडी व तबली : टोकाकडून एक डोळा मिटून दांडीच्या रेषेत पाहिल्यास बाक किंवा पीळ लगेच दिसतो. मिरजेत तुणीचे लाकूड वापरले जाते. ते पुरेसे मुरलेले आहे का, हे दिसण्यावरून कळत नाही. म्हणून कारागिराला ते किती वर्षे वाळविले आहे असे सरळ विचारावे. नक्षीकामाने किंमत वाढते, नाद वाढत नाही.

(ई) खुंट्या : खुंटी फिरविताना झटके बसू नयेत आणि सोडल्यावर ती मागे येऊ नये.

(उ) घोडी : पूर्वी घोडीसाठी सांबरशिंग व हस्तिदंत वापरीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आज त्यांचा व्यापार करता येत नाही. तेव्हा तशी मागणी संस्थेने करू नये. उंटाचे हाड, शिसवी वा अन्य कठीण लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ हे पर्याय उपलब्ध आहेत. चारही तारांचे दोरे साधारण एका रेषेत असताना जवारी खुलत असेल, तर घोडी नीट घडविली आहे असे समजावे.

(ऊ) खर्ज : शेवटी केवळ खर्ज छेडून नाद विझेपर्यंत ऐकावा. तो सावकाश फुलला पाहिजे, मध्येच कुरकुरता कामा नये आणि त्यातून गंधार डोकावला पाहिजे.

या पारखीसाठी खरेदी समितीत गाणारा एक तरी सदस्य असावा आणि निवड प्रत्यक्ष ऐकून व्हावी. समान वर्णनाची दोन वाद्ये सारखी वाजत नाहीत, ही बाब टिपणीत नोंदविल्यास दराच्या पलीकडे जाऊन केलेल्या निवडीचे समर्थनही लेखी राहते.

६. देखभाल : कोणी काय करावे?

विद्यार्थ्याने वाद्य पुसणे, मिळविणे व गवसणीत ठेवणे शिकावे. वाद्य भिंतीच्या ओलीपासून, थेट उन्हापासून व पंख्याच्या झोतापासून दूर असावे. नाशिकचा पावसाळा दमट, तर हिवाळा व उन्हाळा कोरडा असतो. लाकूड ओलाव्याने फुगते व कोरडेपणाने आक्रसते. त्यामुळे पावसाळ्यात खुंट्या आवळतात आणि हिवाळ्यात सुटतात. दीर्घ सुट्टीपूर्वी तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात. मात्र पूर्ण सैल सोडू नयेत.

शिक्षकाने तार बदलणे, दोरा लावणे आणि सुटणाऱ्या खुंटीला खडू लावणे ही कामे स्वतः करावीत. नवी तार जुन्या तारेच्याच जाडीची असावी. यासाठी प्रत्येक वाद्याच्या तारांची जाडी व पट्टी गवसणीत ठेवलेल्या चिठ्ठीवर लिहावी.

कानस मात्र कारागिराच्याच हाती असावी. हौसेने घासलेल्या घोडीवरून निघालेला कण परत बसत नाही आणि बहुधा घोडीच बदलावी लागते. भोपळ्याची भेग व सुटलेला गुलू यांनाही घरगुती डिंक लावू नये. आधीचा चुकीचा लेप काढणे हे मूळ दुरुस्तीहून कठीण होते.

७. यंत्र पर्याय ठरते का?

बेंगळुरू येथील जी. राजनारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला. आज भ्रमणध्वनीवरही तानपुरा मिळतो. एकट्याने रियाज करणाऱ्यास व प्रवासात याची मोठी सोय झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि भ्रमणध्वनीचा लहान ध्वनिक्षेपक ६९ कंपनांचा मूळ स्वर प्रत्यक्षात जवळजवळ देतच नाही. वरच्या स्वरांशांवरून कान तो कल्पितो. याहून महत्त्वाचे म्हणजे यंत्र मिळवून मिळते. जोडीच्या दोन तारा एकमेकींत विरघळेपर्यंत त्यांतील हेलकावे ऐकणे, हे स्वरज्ञानाचे पहिले शिक्षण आहे आणि ते यंत्रावर घडत नाही. यंत्र सोबत असावे. वर्गातील तानपुरा काढून नव्हे.

८. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी सुचविता येतील. पहिली, तानपुऱ्याच्या खरेदीबरोबरच जवारीसाठी वार्षिक तरतूद अंदाजपत्रकात असावी. प्रयोगशाळेतील उपकरणांच्या देखभालीसाठी ती जशी मान्य होते, तशीच. दुसरी, शहरातील महाविद्यालये व संगीत विद्यालये यांनी मिळून वर्षातून एकदा कारागिरास नाशिकला निमंत्रित करावे. वीस वाद्ये मिरजेस नेण्यापेक्षा एक कारागीर येणे सुलभ आहे आणि त्याच्या प्रवासाचा व मानधनाचा भार वाटला जातो. तिसरी, ही दुरुस्ती बंद खोलीत न होता विद्यार्थ्यांसमोर व्हावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्थानिक कलावंत व कारागीर यांना मार्गदर्शक म्हणून संस्थांशी जोडण्याचा विचार मांडला आहे. संगीत विभागात त्याची सुरुवात जवारीपासून होऊ शकते. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीही तेथे बसावे, कारण रामन यांनी ज्या घोडीकडे लक्ष वेधले तीच घोडी तेथे डोळ्यांसमोर घडत असते.

भौगोलिक मानांकनाने वाद्याच्या नावाचे रक्षण होते. कारागिराच्या हातातील विद्येचे रक्षण मात्र त्याला नियमित काम मिळण्याने होते आणि ते काम देणे महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे. नोंदवहीतील ‘१ नग’ या शब्दांपुढे ‘जवारी काढल्याचा दिनांक’ असा एक रकाना वाढविला, तरी या दिशेने पहिले पाऊल पडेल.